बॅगेत बाहेर, गाठोड्यात घर

माझ्या मालकीचं सगळं सामान मोबाइलमधल्या एका नोटमध्ये मावतं. ६५ लिटरची बॅकपॅक, स्लीपिंग बॅग, एका माणसापुरता तंबू, घोट्याच्या वर येणारे बूट, पावसाळी जॅकेट, डोक्याला बांधायचा टॉर्च, दुर्बीण, मच्छरदाणी, स्टीलचा एक मग, औषधांची पिशवी आणि ज्याच्यावर पोट चालतं तो लॅपटॉप. कपडे वेगळे, पण तेही मोजकेच. गेल्या ४ वर्षांत मी ६ गावांतल्या ६ फर्निश्ड खोल्यांमध्ये राहिले. बॅगेचं वजन १४ किलोच्या वर जाऊ द्यायचं नाही, हा नियम अजून मोडलेला नाही.

ही यादी नीट वाचली तर एक गंमत दिसते. त्यात घरात लागणारी वस्तू जवळजवळ एकही नाही. पातेलं नाही, उशी नाही, बादली नाही, केरसुणी तर नाहीच. जे आहे ते सगळं घराबाहेर पडल्यावर लागणारं. घर मला प्रत्येक गावी तयार मिळतं, म्हणून मी फक्त ‘बाहेर’ विकत घेतलं आहे.

सहावी खोली नवेगाव बांधची. गोंदिया जिल्हा, अर्जुनी मोरगाव तालुका. थंडीत तलावावर पक्षी येतात, भाडं पुण्याच्या एक तृतीयांश आणि वरच्या मजल्यावर मोबाइलला रेंज, एवढ्या तीन कारणांसाठी मी हे गाव निवडलं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, ४ महिने. खाली मालकीणकाकू आणि त्यांचे यजमान, वर मी. खोलीत पलंग, गादी, लोखंडी कपाट, टेबल-खुर्ची, गॅसची शेगडी, दोन गंज, तवा, ताटं, वाट्या, पेले. करारनाम्याला या सगळ्याची यादी जोडलेली, ‘चमचे ६’ सकट. काकूंच्या मुलाने नागपूरहून टाइप करून पाठवलेली ती यादी काकूंनी एकदाही उघडली नाही. त्यांनी माझी बॅग पाहिली आणि विचारलं, “येवढ्याशा सामानात तू राहतेस कशी वं?”

मी म्हटलं, तुमच्या सामानात राहते ना. हसण्यावारी गेलं ते. पण उत्तर खरं होतं, आणि हा लेख त्या उत्तराबद्दल आहे.

दुसऱ्याच्या सामानात राहण्याची या भागातली जुनी पद्धत म्हणजे सरकारी नोकरी. नवेगाव बांध म्हटलं की मराठी वाचकाला मारुती चितमपल्ली आठवतात. सोलापूरचा हा माणूस वनखात्याच्या नोकरीत बदलीवर बदली घेत इथे आला आणि काही वर्षं राहिला. वनाधिकाऱ्याला क्वार्टर मिळतं, फिरतीवर विश्रामगृह मिळतं. तिथल्या खुर्च्या, कपबश्या, चादरी हे सगळं ‘डेड स्टॉक’ नावाच्या रजिस्टरात मोजून लिहिलेलं असतं. म्हणजे चितमपल्लींची पिढीसुद्धा फर्निश्ड घरांतच राहत होती, फक्त घरमालक सरकार होतं. पण ते इथून काय घेऊन गेले हे पाहण्यासारखं आहे. जंगलात फिरणाऱ्या माणसांकडून, गावच्या माधवराव पाटलांसारख्या जाणकारांकडून त्यांनी पाखरांची, झाडांची, माशांची नावं गोळा केली, आणि ती पुढे पुस्तकांतून, कोशांतून मराठीला परत दिली. नेलेलं त्यांनी परत केलं. मी हे वाचते तेव्हा माझी नोट जरा अपुरी वाटायला लागते, कारण तिच्यात ‘परत काय केलं’ असा रकानाच नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पहाटे साडेपाचला मी दुर्बीण घेऊन तलावाकडे निघाले होते. चौकात एक टेम्पो उभा होता आणि त्यात माणसं चढत होती. बायका, पुरुष, दोन लहान मुलं. तेलंगणात मिरची तोडायला निघालेली टोळी. धान कापून, मळून झालं की या पट्ट्यातली, गोंदिया-भंडारा-गडचिरोली-चंद्रपूरची, पुष्कळ माणसं मिरचीच्या हंगामासाठी दक्षिणेला जातात. २०२०च्या लॉकडाउनमध्ये हीच माणसं तिकडे अडकली होती आणि कित्येक जण जंगलवाटांनी पायी परतले होते.

मी त्यांचं सामान पाहत राहिले. तांदळाचं पोतं. काजळी धरलेला गंज आणि तवा. तिखट-मिठाची डबकी एका पिशवीत. प्लास्टिकच्या बादलीत कोंबलेली भांडी. गोधड्यांचं गाठोडं. निळी ताडपत्री, बांबू. एकीच्या हातात खराटा. पायात चपला. टॉर्च असलाच तर मोबाइलचा. थंडी चांगलीच होती, गोंदियाचा पारा दर हिवाळ्यात पेपरात येतो तो उगीच नाही. अंगावर जाडं फक्त शालीसारखं काहीतरी.

दोन महिने उघड्यावर राहायला निघालेल्या या माणसांकडे ‘आउटडोअर गिअर’ म्हणावं असं काही नव्हतं. होतं ते सगळं घरातलं. आणि मी, जी रात्री गादीवर झोपणार होते, तिच्या अंगावर वारा अडवणारं जॅकेट, पायात पाणी न शिरणारे बूट आणि घरी पाण्याखालीसुद्धा चालणारा टॉर्च. आमच्या दोन याद्या शेजारी ठेवल्या तर एक दुसरीची बरोब्बर उलटी आहे. ज्याला आतलं नक्की मिळणार असतं तो बाहेरचं सामान बांधतो. ज्याला बाहेरच राहावं लागणार असतं तो घर बांधून नेतो.

तेव्हापासून मला माझ्याबद्दल वापरला जाणारा एक शब्द खटकतो: ‘भटकी’. मैत्रिणी कौतुकानं म्हणतात. इन्स्टाग्रामवर नोमॅड म्हणवून घेणाऱ्यांची कमी नाही. पण महाराष्ट्रात ‘भटके’ हा जातीच्या दाखल्यावरचा शब्द आहे, भटक्या जमाती. त्याच्या जोडीचा ‘विमुक्त’ हा शब्द कायद्यातून आला आहे. १८७१मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, जमातीच्या जमाती जन्मतःच संशयित ठरवल्या, तारेच्या कुंपणात ठेवल्या, हजेऱ्या लावल्या. तो कायदा रद्द झाला १९५२मध्ये. त्यानंतरही पालावर राहणाऱ्या माणसाला पोलीस पहिला प्रश्न विचारतो तो ‘कुठला तू?’ हाच. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’मध्ये गाढवांवर लादलेला संसार आहे. त्या संसारात तंबू असतो तो हौसेचा नसतो. रेशनकार्डाला पत्ता लागतो, शाळेला पत्ता लागतो, आणि पत्ता नसणं हीच तक्रार असते. मला पोलीस व्हेरिफिकेशनचा फॉर्म भरायला ५ मिनिटं लागतात. कायमचा पत्ता: आईवडिलांचं घर, सातारा. त्या एका ओळीच्या जोरावर मी बाकी सगळीकडे तात्पुरती राहू शकते.

आता माझ्या बाजूनेही बोलायला हवं, नाहीतर हा सगळा प्रकार स्वतःला कोसण्याचा होईल, आणि तसं वाटत नाही मला. कमी वस्तूंत राहणं ही आपल्याकडे मान मिळालेली गोष्ट आहे. अपरिग्रह हे जैनांच्या पाच महाव्रतांतलं एक. गांधींनी १९३०मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमातल्या लोकांना व्रतांवर पत्रं लिहिली, त्यात त्यांनी अपरिग्रहाला चोरी न करण्याच्या शेजारी बसवलं. गरजेपेक्षा जास्त वस्तू बाळगणं म्हणजे दुसऱ्याची वस्तू अडकवून ठेवणं, असा त्यांचा तर्क. हा तर्क मला कॉलेजात पटला होता आणि अजूनही बराचसा पटतो.

पण तो काकूंच्या घरात लावून पाहिला तर काय होतं? माझ्या खोलीतल्या लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा काकूंचा होता. त्यात १४ गोधड्या. खाली राहणारी माणसं दोन. गांधींच्या हिशेबाने १२ गोधड्या चोरीच्या आणि मी, एक स्लीपिंग बॅगवाली, साध्वी.

त्या १४ गोधड्या कशाला, ते मला नोव्हेंबरातच कळलं. दिवाळी संपली की झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार, दंडार, रात्री नाटक, आणि नाटक पहाटेपर्यंत. ज्या गावची मंडई त्या गावातल्या प्रत्येक घरी पाहुणे. लेकी येतात, जावई येतात, सोयरिकीसाठी मुलगा-मुलगी बघायला आलेले लोकही येतात. काकूंच्या घरी त्या रात्री १७ माणसं होती. त्यातल्या चार बाया माझ्या खोलीत झोपल्या. करारात हे नव्हतं. काकूंनी विचारलं, मी हो म्हटलं. कपाटाचा खालचा कप्पा रिकामा झाला. दोन दिवसांनी गोधड्या उन्हात पडल्या आणि घडी होऊन परत आत गेल्या.

गरजेपेक्षा जास्त हा शब्द तिथे मला अडला. कोणाच्या गरजेपेक्षा? काकूंच्या घरातली ‘जास्त’ वस्तू दुसऱ्यापासून अडवून ठेवलेली नव्हती, दुसऱ्यासाठी ठेवलेली होती. साठ्याचे हे दोन प्रकार बाहेरून सारखेच दिसतात, कपाटात दोन्ही घडी घालूनच असतात. आणि माझ्याकडे नसलेला साठा हा त्याग की नुसतं नसणं, हेही बॅगेच्या वजनावरून कळत नाही.

ज्यांनी खरोखर अपरिग्रह पाळला त्यांना हे माहीत होतं असं दिसतं. जैन साधूंच्या भिक्षेला गोचरी म्हणतात. गाय जशी फिरत फिरत इथे थोडं तिथे थोडं चरते, तसं प्रत्येक घरातून थोडंच घ्यायचं, कोणावर भार पडू द्यायचा नाही, आपल्यासाठी मुद्दाम रांधायला लावायचं नाही. म्हणजे आपण दुसऱ्याच्या चुलीवर जगतो हे आधी मान्य केलेलं आहे, आणि मग त्याचे नियम केले आहेत. पुण्यात शिकायला आलेली गरीब ब्राह्मण मुलं वार लावून जेवायची, सोमवार या घरी, मंगळवार त्या घरी. (जातीच्या आतलीच ती सोय होती, बाकीच्या मुलांना असे वार कोण लावणार होतं?) आषाढी वारीत पाठीवर पडशी घेऊन चालणाऱ्या वारकऱ्याचंही तेच. दिंडीचं जड सामान ट्रकमधून पुढे गेलेलं असतं आणि वाटेवरची गावं भाकऱ्या थापून वाट पाहत असतात. पण तो वारकरी परत आपल्या गावी जातो, आणि तिथे त्याच्या ओट्यावर कोणी ना कोणी येऊन टेकतं. आज घेणारा उद्या देणारा असतो.

माझा ‘उद्या’ कुठे आहे, हा मुद्दा आहे. मी भाडं देते, वेळेवर देते, आणि भाडं ही मला कमी प्रतीची गोष्ट वाटत नाही. उलट त्यात एक सरळपणा आहे. काकू माझ्यावर उपकार करत नाहीत, मी त्यांच्या कोणाची कोणी लागत नाही, महिन्याच्या ५ तारखेला हिशेब पुरा. बाईसाठी तर या हिशेबात मोकळीक आहे. माझ्या आईच्या आयुष्यातली ३० वर्षं भांड्यांच्या मांडणीपुढे गेली. आल्यागेल्याचं केलं म्हणून तिचं नाव झालं आणि गुडघे गेले. मंडईच्या रात्री १७ माणसांचा स्वयंपाक काकूंनी आणि त्यांच्या जावेनं केला, यजमान पाहुण्यांबरोबर नाटकाला गेले. पाहुणचाराचे गोडवे गाताना चुलीपुढे कोण होतं हे विसरायचं, ही आपली जुनी खोड. मी भांडी न बाळगण्याचं ठरवलं त्यामागे आईचे गुडघे आहेत, आणि तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

तरीही डिसेंबरातला एक फोन मला बाजूला ठेवता येत नाही. धाकट्या भावाची नोकरी गेली होती. पुण्यातल्या फ्लॅटमधली जागा महिनाअखेर सोडायची होती, घरी साताऱ्याला जाऊन बाबांपुढे लगेच उभं राहायची हिंमत नव्हती. “ताई, थोडे दिवस तुझ्याकडे येऊ?”

तुझ्याकडे. भाषेत किती सहज आहे हा शब्द! माझ्याकडे म्हणजे कुठे? करारात स्पष्ट लिहिलेलं: राहणार व्यक्ती १. तंबू एकाचा, स्लीपिंग बॅग एकाची, मग एक. हे सामान हलकं असतं कारण ते एकाच देहाच्या मापाचं असतं. दुकानात तंबू घेताना विक्रेता अभिमानाने ग्रॅम सांगतो. दुसऱ्या माणसाचं वजन किती ग्रॅम, हे त्यात वजा झालेलं असतं.

मी खाली जाऊन काकूंना विचारलं. भाडं वाढवून देते म्हटलं. त्यांनी भाड्याकडे लक्षच दिलं नाही, विचारलं तो शाकाहारी आहे का. भाऊ आला, ११ दिवस राहिला. खालच्या कप्प्यातल्या तीन गोधड्या त्याच्या वाट्याला आल्या, दोन अंथरायला आणि एक पांघरायला. पहिले काही दिवस तो नुसता झोपला. मग काकांबरोबर धानाची पोती उचलू लागला, संध्याकाळी माझी दुर्बीण गळ्यात अडकवून तलावाच्या पाळीवर जाऊन बसू लागला. त्याला पक्ष्यांतलं काही कळत नाही. बदकं मोजायचा. आकडा सांगायचा, रोज वेगळा.

तो माझ्याकडे आला होता आणि त्याला ठेवून घेतलं काकूंनी. हे मी उपकार म्हणून नोंदवत नाही, काकूंना तसं वाटलंही नसेल. मला नोंदवायचं ते एवढंच, की माणूस अडचणीत असताना दार ठोठावू शकेल अशी जागा आपल्यापाशी असणं हा चांगल्या जगण्याचा भाग असेल, तर मी तो भाग आउटसोर्स केला आहे. पैसे देऊन गादी घेता येते. ‘येऊ दे त्याला’ हे वाक्य ५ तारखेच्या हिशेबात बसत नाही, आणि ते म्हणायला कोणीतरी एका जागी, थोड्या जास्तीच्या गोधड्या घेऊन, बसलेलं असावं लागतं.

मग सगळ्यांनी एका जागी बसावं का? तसं म्हणणं मला सोपं आणि खोटं वाटतं. या गावाचीच गोष्ट घ्या. तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं मानतात. कोहळी ही तलाव बांधणारी जमात, आणि परंपरेनुसार तीही बाहेरून, बनारसकडून इकडे आलेली. गोंड राजवटीत तलाव बांधणाऱ्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळे, असं सांगतात. म्हणजे उपरे येऊन पाळ घालतात, डोंगरांमधली फट बुजवतात, पाणी अडवतात आणि मग गावाच्या नावातच ‘बांध’ येतो. आज त्याच पाण्यावर धान पिकतं आणि त्याच पाण्यावर परदेशी बदकं उतरतात. कोण कुठून आलं याला फार अर्थ उरत नाही.

आणि याच तालुक्यात, गोठणगावजवळ, तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, नोर्ग्येलिंग. १९७२पासूनची. परत जायचं म्हणून तात्पुरते आलेले लोक पन्नासहून जास्त वर्षं इथे आहेत. त्यांतले कितीतरी जण दर हिवाळ्यात स्वेटरचे गठ्ठे घेऊन शहरांत जातात, फुटपाथवर, मैदानांत दुकानं मांडतात आणि थंडी सरली की परततात. तुम्ही शाळेत असताना घातलेला स्वेटर कदाचित त्यांच्यापैकीच कोणाकडून आईने घासाघीस करून घेतला असेल. कागदोपत्री त्यांच्यापैकी अनेक जण आजही परदेशी नागरिक आहेत, नोंदणीचं प्रमाणपत्र ठरावीक काळाने नव्याने करून घ्यावं लागतं. मी जानेवारीत एका रविवारी बसने तिकडे गेले होते. घरांपुढे फुलझाडं होती, डब्यांत लावलेली, आणि बरीच घरं त्या दिवसांत कुलूपबंद. कागदाने तात्पुरती असलेली ती माणसं माझ्यापेक्षा जास्त मुक्कामी आहेत. त्यांच्याकडे कोणी आलं तर त्याला बसवायला जागा आहे.

पक्ष्यांची उपमा मला म्हणून पटत नाही. ‘पाखरासारखं मुक्त’ असं माझ्यासारख्यांना उद्देशून म्हणतात. गोंदिया-भंडाऱ्याच्या तलावांवर हिवाळ्यात पट्टकदंब येतात, हिमालय ओलांडून, तिबेट-मंगोलियाच्या बाजूने. पण ते भटकत नाहीत. दर वर्षी ते विणीचा प्रदेश आणि हिवाळ्याचा प्रदेश या दोहोंमध्ये ये-जा करतात. पिल्लं एकीकडे, चारा दुसरीकडे. सहा वर्षांत सहा तलाव बदलणारा पट्टकदंब मी तरी ऐकलेला नाही.

फेब्रुवारीत मी सामान आवरायला घेतलं तेव्हा भावाला बंगळूरमध्ये काम लागलं होतं. त्याने तिथे जाऊन पहिल्या पगारातून काय घेतलं, तर एक जास्तीची गादी. फोटो पाठवला. माझ्या बॅगेत मी एक बदल केला आहे: तंबू विकला, दोघांचा घेतला. वजन ९०० ग्रॅमने वाढलं आणि मला ते पाठीवर जाणवतं, प्रत्येक चढावर.

निघायच्या आदल्या दिवशी काकू वर आल्या. मला वाटलं यादी तपासायला. मी चमचे काढून ओळीने ठेवले होते. त्यांनी चमच्यांकडे पाहिलं नाही. पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, “आमी कदी आलो तुज्याकडं, त उतराचं कोठं?”

त्यांच्या मुलीला साताऱ्याकडच्या कॉलेजात प्रवेश मिळण्याची शक्यता होती, म्हणून विचारत होत्या. मी आईचा पत्ता दिला, फोन नंबर दिला. त्यांनी तो भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीमागे, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी लिहून घेतला. मग मी आईला फोन लावला आणि सांगितलं की पुढच्या जूनमध्ये कदाचित नवेगाव बांधहून दोघी-तिघी येतील. आई म्हणाली, येऊ देत की. मग थोडं थांबून तिने विचारलं, “आणि तेव्हा तू असशील का इथे, चहा करायला?”